माळावरचे सरपण आणि कारखान्याची वीज

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांची नावे निघाली की सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर उभी राहतात ती उसाची शेते, साखर कारखान्यांची धुराडी आणि नीरेचा कालवा. या तालुक्यांत जंगल आहे आणि त्या जंगलाच्या आधाराने जगणारी माणसेही आहेत, असे कोणी म्हटले तर ती अतिशयोक्ती वाटण्याचा संभव आहे. जंगल म्हणजे दाट झाडी अशी आपली रूढ समजूत आहे. मेळघाट किंवा गडचिरोली म्हटले की जंगल पटते. सुपे, शिरसुफळ किंवा कडबनवाडी म्हटले की पटत नाही. आज शेतातून आणि रानातून ऊर्जा निर्माण करण्याचे, गावांना स्वयंपूर्ण करण्याचे अनेक मनोरे रचले जात आहेत. त्यांचा पाया घालण्यापूर्वी ही समजूत एकदा तपासून घेणे अगत्याचे आहे. कारण या समजुतीची किंमत माळरानावर जगणाऱ्यांनी आजवर मोजलेली आहे.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या या प्रदेशात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर नीरेच्या डाव्या कालव्याचे काम हाती घेण्यात आले आणि १८८५ मध्ये त्यातून पाणी वाहू लागले. १९२८ मध्ये भाटघरचे नवे धरण पुरे झाले, १९८० मध्ये भीमेवर उजनी उभे राहिले. या पाण्याने कालव्याकाठच्या आणि जलाशयाकाठच्या गावांचे भाग्य उजळले, यात शंका नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर या ठिकाणी सहकारी साखर कारखानदारी रुजली ती या पाण्यामुळेच. परंतु कालव्याचे पाणी उताराने वाहते. चढावरच्या माळावर ते चढत नाही. त्यामुळे एकाच तालुक्याचे दोन तालुके झाले: एक बागायती आणि दुसरा जिरायती. जनाई-शिरसाईसारख्या उपसा योजनांनी ही दरी थोडीफार बुजवली असली, तरी ती मिटली असे म्हणता येणार नाही.

माळ ओसाड नसतो

जिरायती पट्ट्यातील माळरान वर्षातले आठ महिने पिवळे दिसते. म्हणून ते निर्जीव असे मानणे ही शहरी नजरेची चूक होय. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी अशी गवते, त्यांतून विखुरलेली हिवर, बाभूळ, बोर अशी काटेरी झाडे, आणि या गवताच्या आसऱ्याने राहणारे चिंकारा, लांडगे, खोकड, तरस असा हा संसार आहे. सुप्याजवळचे सुमारे पाच चौरस किलोमीटरचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले ते याच संसाराच्या रक्षणासाठी. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचा माळ चिंकाऱ्यांसाठी अभ्यासकांना परिचित आहे.

या माळाचा सर्वांत जुना भोक्ता मात्र मेंढपाळ. बारामती, इंदापूर आणि शेजारच्या फलटण भागातील अनेक धनगर कुटुंबे पावसाळ्यात गावाकडच्या माळांवर असतात आणि दिवाळीच्या सुमारास वाडा हलवून घाट उतरून कोकणाकडे जातात. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या शेतात मेंढ्या बसवण्याचे निमंत्रण देतात, कारण मेंढरांच्या लेंड्या आणि मूत्र यांचे खत जमिनीला मानवते. त्याबद्दल धान्य किंवा रोख मोबदला मिळतो. मेंढी माळावरचे गवत खाते आणि दूरच्या शेताला खत देते. म्हणजे हा कळप सूर्याची शक्ती एका जमिनीवरून दुसरीवर वाहून नेणारे एक चालते यंत्रच आहे. 'जैवऊर्जा' हा शब्द मराठीत रूढ होण्याच्या शेकडो वर्षे आधीपासून ही व्यवस्था चालू आहे. तिच्यासाठी कोणी अनुदान मागितले नाही आणि कोणी दिलेही नाही.

'पडीक' या शब्दाची किंमत

इंग्रजी अमदानीत जमिनीची प्रतवारी ठरली ती महसुलाच्या हिशेबाने. जी जमीन सारा देत नाही ती पडीक, आणि जे रान लाकूड देत नाही ते निकृष्ट. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, पण ही दृष्टी बदलली नाही. १९८५ मध्ये केंद्र सरकारने पडीक जमीन विकास मंडळ स्थापन केले. जळणाची आणि चाऱ्याची टंचाई दूर करणे हा त्यामागचा हेतू स्तुत्यच होता. तथापि ज्या जमिनीला कागदोपत्री पडीक म्हटले जाते, ती बहुधा कोणाची तरी चराई असते, हे मात्र विसरले गेले. सुबाभूळ आली, गिरिपुष्प आले, माळावर चर खणले गेले, खड्ड्यांतून रोपे लागली. त्यांतली किती जगली हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी जेथे चर खणला तेथले गवत गेले आणि जेथे कुंपण पडले तेथली चराई बंद झाली, एवढे निश्चित.

ऊर्जेच्या नावाने घडलेला मोठा धडा मोगली एरंडाचा. नियोजन मंडळाच्या समितीने २००३ मध्ये या झाडाच्या बियांपासून डिझेल काढण्याची भव्य योजना मांडली. पडीक जमिनीवर, पाण्यावाचून, निगराणीवाचून हे झाड भरघोस बिया देईल असे सांगण्यात आले. अनुभव उलट आला. झाड जगले, पण पाणी आणि खत यांवाचून बिया पुरेशा लागल्या नाहीत. आणि जेथे पाणी व खत देता येते तेथे शेतकरी मोगली एरंड कशाला लावील? योजना विरली. ज्या माळावर कशाचीच शाश्वती नाही त्या माळावरून इंधनाचे भरघोस पीक काढण्याची कल्पनाच मुळात फसवी होती.

आता सौरऊर्जेची पाळी आहे. शिरसुफळ परिसरात महानिर्मितीचा ५० मेगावॉट क्षमतेचा सौर प्रकल्प उभा आहे. सूर्यापासून मिळणारी वीज स्वच्छ आहे आणि ती हवीच. परंतु सौर पत्रे मांडण्यास सपाट आणि मोकळी जागा लागते. अशी जागा शोधताना अधिकाऱ्यांची नजर पुन्हा माळाकडेच वळते, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

खरी ऊर्जा कोठे आहे?

मग या दोन तालुक्यांत ऊर्जेला कच्चा माल नाही काय? आहे, आणि विपुल आहे. पण तो माळावर कमी आणि उसाच्या शेतात जास्त आहे. एक टन ऊस गाळला की सुमारे पाव टनाहून अधिक ओला चोथा उरतो. त्यावर कारखान्यांचे बाष्पक चालतात आणि सहवीजनिर्मितीची सोय असलेले कारखाने उरलेली वीज जाळ्यात विकतात. मळीपासून मद्यार्क होतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची योजना देशात २००३ मध्ये पाच टक्क्यांपासून सुरू झाली. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर तिला वेग आला आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. कारखान्यांच्या ताळेबंदाला यामुळे आधार मिळाला, हे मान्य केले पाहिजे.

परंतु दोन गोष्टी विसरता कामा नयेत. एक तर हे इंधन अखेर कालव्याच्या आणि जमिनीखालच्या पाण्यावर पिकते. पाऊस कमी पडला की काय होते ते डिसेंबर २०२३ मध्ये दिसले. साखरेचे उत्पादन घटण्याच्या भीतीने केंद्र सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले. दुसरे असे की, या सर्व उलाढालीत जिरायती गावाचा आणि माळावरच्या वाड्याचा काडीचाही वाटा नाही. वीज जाळ्यात जाते, इथेनॉल तेल कंपन्यांकडे जाते, पैसा सभासद-शेतकऱ्याकडे जातो; आणि माळावरची बाई तीन दगडांच्या चुलीसाठी काटक्या वेचीत फिरते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक गरीब घरांत गॅसची शेगडी आणली. परंतु शेगडी मोफत आली तरी टाकी विकतच भरावी लागते, आणि वाडा घेऊन सहा-सात महिने वाटचाल करणाऱ्या कुटुंबाने ती टाकी भरून कोठून घ्यावी?

उसाच्या शेतात चोथ्याखेरीज आणखी एक वस्तू उरते. ती म्हणजे पाचट. हेक्टरी आठ-दहा टन वाळलेले पाचट शेतात पडते आणि पुष्कळदा काडी लावून जाळले जाते. हिरवे वाढे मात्र कोणी जाळीत नाही. ते बीड आणि नगरकडून कोयता घेऊन आलेल्या तोडणी कामगारांच्या बैलांच्या तोंडी लागते किंवा चारा म्हणून विकले जाते. पाचटाच्या बाबतीत कृषिशास्त्रज्ञांचा सल्ला योग्यच आहे: खोडवा राखायचा असेल तर पाचट सरीत आच्छादन म्हणून कुजवावे, त्याने ओल टिकते आणि जमिनीचा कस वाढतो. म्हणून पाचटावर पहिला हक्क जमिनीचा. पण जेथे ते हमखास जाळलेच जाते, तेथे त्याचे इंधन करणे हा दुसरा उत्तम मार्ग होय.

या मार्गाचा अभ्यास परदेशात नव्हे, नीरेच्या पलीकडच्या काठावर झालेला आहे. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ पासून कार्यरत आहे. १९८१ मध्ये अमेरिकेतून परतून त्या संस्थेत आलेले अभियंते अनिल राजवंशी यांनी उसाचे पाचट आणि चोथा यांसारख्या भुसभुशीत मालावर चालणारी वायूभट्टी विकसित केली, आणि शेतातील टाकाऊ मालावर तालुका आपली ऊर्जेची गरज भागवू शकेल असे आग्रहाने मांडले. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने चाललेल्या पुण्याच्या 'आरती' या संस्थेने पाचटापासून कोळसा करण्याची साधी भट्टी तयार केली. त्यात बंद पिंपात पाचट भाजून होणारा भुगा कांड्यांच्या रूपात शेगडीत वापरता येतो. या कामाला २००२ मध्ये इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. उरलेसुरले अन्न आणि पिष्टमय पदार्थ यांवर चालणाऱ्या छोट्या गॅस संयंत्रासाठी २००६ मध्ये तो पुन्हा मिळाला. तंत्र आहे, हाताशी आहे, परवडणारेही आहे. अडचण तंत्राची नसून मांडणीची आहे.

गोबरगॅसचेच उदाहरण घ्या. एक घनमीटर गॅससाठी रोज सुमारे पंचवीस किलो शेण लागते. म्हणजे छोट्या कुटुंबाच्या स्वयंपाकालाही दोन-तीन जनावरे गोठ्यात बांधलेली हवीत. ज्याच्याकडे गोठा आहे, पाणी आहे, त्याला हे संयंत्र वरदान ठरते. मेंढपाळाचा कळप दिवसभर हिंडतो. त्याचे खत ज्या शेतात तो बसतो त्या शेताला जाते. त्याला गोबरगॅस देणे म्हणजे चालत्या माणसाला बसून राहण्याची सक्ती करणे होय. सर्वांना एकच औषध देणाऱ्या योजना नेमक्या येथे अडखळतात.

वेडी बाभूळ आणि तिचा मोह

माळावर इंधनाच्या दृष्टीने खरोखर विपुल असलेली वस्तू एकच, ती म्हणजे वेडी बाभूळ. अमेरिका खंडातून एकोणिसाव्या शतकात या देशात आलेले हे झाड जळणासाठी आणि वाळू रोखण्यासाठी ठिकठिकाणी लावले गेले. शेळ्या-मेंढ्या तिच्या शेंगा खातात, बिया लेंड्यांतून पसरतात आणि बघता बघता गवताची जागा काट्यांनी घेतली जाते. तिच्या वाळक्या लाकडाचे उष्णतामान किलोमागे चार हजार किलोकॅलरींच्या वर आहे. ती तोडली तर माळ मोकळा होतो, इंधनही मिळते. म्हणजे दुहेरी लाभ. वरवर पाहता याहून सरळ गोष्ट ती कोणती?

येथेच प्रमाणाचा प्रश्न उभा राहतो. लाकडावर चालणाऱ्या वीज केंद्रात एका युनिटास साधारण सव्वा किलो लाकूड लागते. एक मेगावॉटचे केंद्र वर्षात सात हजार तास चालवायचे तर आठ-नऊ हजार टन लाकूड हवे. दहा मेगावॉटला त्याच्या दहापट. असे केंद्र एकदा उभे राहिले की ते थांबू शकत नाही. आज ते वेडी बाभूळ खाईल, उद्या हिवर आणि बोर खाईल, आणि परवा माळावर इंधनाची लागवड करा असे म्हणेल. औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर पाच टक्के जैवइंधनाच्या कांड्या जाळण्याचे धोरण २०२१ मध्ये आल्यापासून अशा मालाला मोठे गिऱ्हाईक मिळाले आहे. त्यामुळे हा धोका केवळ काल्पनिक राहिलेला नाही.

कच्छमधील बन्नीच्या कुरणाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथे १९६० च्या दशकात वनखात्यानेच वेडी बाभूळ लावली. पुढे तिने कुरणाचा मोठा भाग व्यापला. काही वर्षे कोळसा पाडण्यास परवानगी मिळाली आणि २००८ मध्ये ती मागे घेण्यात आली. वरून तोडलेले झाड बुंध्यापासून पुन्हा फुटते, आणि व्यापाऱ्याला मुळापासून उपटण्यात स्वारस्य नसते, उलट ते पुन्हा वाढावे यातच त्याचा फायदा असतो. मुळासकट काढणे आणि मोकळ्या झालेल्या जागी गवताचे बी टाकणे, हे काम ज्याला गवत हवे आहे तोच करील. तो म्हणजे मेंढपाळ.

कोळशाच्या धंद्याची दुसरी बाजूही काळीच आहे. मातीच्या भट्टीत पाच-सहा किलो लाकडामागे किलोभर कोळसा पडतो. बाकीचे धुरात जाते. ही भट्टी लावण्यासाठी रायगडचे कातकरी उचल घेऊन कुटुंबासह देशावर येतात आणि हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, ही कथा महाराष्ट्राला नवी नाही. 'हरित इंधन' हे नाव दिल्याने हा धूर आणि हे कर्ज हिरवे होत नाही. ज्या योजनेत भट्टीवरच्या मजुराची मजुरी आणि उचल यांचा हिशेब नाही, ती शाश्वत कशी म्हणावी?

हक्कावाचून संधी नाही

या सर्व विवेचनाचा रोख एकाच मुद्द्याकडे आहे. ऊर्जेचा प्रश्न हा आधी मालकीचा आणि अधिकाराचा प्रश्न आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला; एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तोच बांबू पूर्वीही तेथे होता, तीच माणसेही होती. बदलला तो निर्णय घेणारा हात. त्यानंतर बांबूची किंमत गावाने ठरवली आणि किती तोडायचा, किती राखायचा हेही गावानेच ठरवले.

२००६ चा वनहक्क कायदा केवळ घनदाट जंगलासाठी नाही. भटक्या आणि पशुपालक समाजांच्या हंगामी चराईचा हक्क त्यात स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे. परंतु महाराष्ट्रातील धनगर समाज या कायद्याच्या दृष्टीने 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतो आणि त्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्याचे जीवनच वाटचालीत गेले, त्याने वास्तव्याचा पुरावा कोठून आणावा? ग्रामसभेत ठराव होतो तेव्हा तो बहुधा कोकणाच्या वाटेवर असतो. कायद्याने दिलेला हक्क कागदाच्या अटीने हिरावला जाऊ नये, यासाठी महसूल आणि वनखात्याने पुढाकार घेऊन पावसाळ्यात, वाडे गावी असताना, या ग्रामसभा भरवणे ही काही फार मोठी मागणी नव्हे.

२०२४ मध्ये वनखात्याने कडबनवाडी आणि शिरसुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, आणि स्थानिक तरुणांना वाटाड्यांचे काम मिळाले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. माळ पाहण्यास पैसे देऊन माणसे येतात, याचाच अर्थ तो पडीक नाही, हे शासनाने आता स्वतःच कबूल केले आहे. मात्र पर्यटकाच्या गाडीला माळ खुला आणि मेंढपाळाच्या कळपाला बंद, असे चित्र होऊ देता कामा नये. लांडगा मेंढी उचलतो ते नुकसान सोसून ज्याने त्याला पिढ्यान्‌पिढ्या शेजारी म्हणून सांभाळले, तो या माळाचा पहिला राखणदार आहे.

तेव्हा बारामती-इंदापूरच्या ऊर्जेचा क्रम असा असावा. जे उसाच्या शेतात जाळले जाते त्याचे इंधन प्रथम करावे. त्यासाठी कारखान्यांनी आपल्या क्षेत्रातील जिरायती गावांत पाचटाच्या कांड्यांचे छोटे उद्योग उभारून त्यांचा माल हमीभावाने घ्यावा. गोठा असलेल्या घरी गोबरगॅस आणि वाटचालीवरच्या कुटुंबाला हलकी, धूर कमी करणारी चूल द्यावी. वेडी बाभूळ काढावी, पण मुळापासून, ग्रामसभेच्या हिशेबात, आणि मोकळ्या जागी गवतच लावावे, नवी झाडे नव्हेत. मोठे वीज केंद्र माळाच्या भरवशावर कधीही उभारू नये.

कालवा आला तेव्हा पाणी कोणाला आणि कोणाला नाही, हे जमिनीच्या उताराने ठरवले. त्यावर माणसाचा इलाज मर्यादित होता. ऊर्जेला असा उतार नाही. ती कोणाकडे जावी हे धोरण ठरवते, आणि धोरण माणसेच आखतात. एकदा दोन तुकड्यांत विभागलेला हा प्रदेश ऊर्जेच्या नावाने दुसऱ्यांदा विभागला गेला, तर त्याचा दोष मात्र भूगोलावर ढकलता येणार नाही.